'अहो आई' आणि 'अगं आई'मधला फरक इंग्रजी सबटायटलमध्ये कसा दाखवायचा? (शॉर्ट फिल्म बाहेर पाठवायचीये)

पेठेतली_मुलगी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी आणि तीन मित्रमैत्रिणींनी मिळून १८ मिनिटांची एक शॉर्ट फिल्म केलीये. शूटिंग शनिवार पेठेत मावशीच्या वाड्यात, तीन दिवस, सगळे घरचेच, कॅमेरा तेवढा भाड्याचा. गोष्ट छोटीये. घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, सून एकटी धावपळ करतेय, आंब्याची डाळ, पन्हं, आणि सासू नवरा गेल्यापासून बायका आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसते, कोणी तिला जा म्हणत नाही आणि कोणी थांबही म्हणत नाही. सगळ्या गेल्यावर सून आत जाते आणि सासूची ओटी भरते. संपली गोष्ट. पूर्ण फिल्मभर सून 'अहो आई' म्हणते, 'अहो आई चहा ठेवू का', 'अहो आई किल्ल्या कुठायत', आणि ओटी भरताना म्हणते 'अगं आई, पदर पुढे कर'. आपल्याकडे ज्यांना दाखवली त्यातल्या निम्म्या बायका तिथे रडल्या.

आता एका आंतरराष्ट्रीय शॉर्ट फिल्म फेस्टिवलचा फॉर्म भरतेय, त्यांची थीमच वेगवेगळ्या संस्कृतींची देवाणघेवाण आहे, आणि फॉर्म भरायला बसल्यावर कळलं की इंग्रजीत 'अहो' पण यू आणि 'अगं' पण यू. गेलाच की शेवट! शिवाय ओटी म्हणजे काय हे परदेशी माणसाला कसं कळणार. एक मित्र म्हणतोय सुरुवातीला काळ्या स्क्रीनवर चार ओळी टाकू, हिंदू विधवा, हळदीकुंकू वगैरे समजावून. मला ते शाळेतल्या धड्यासारखं वाटतंय. आणि फॉर्ममध्ये 'तुमची फिल्म सांस्कृतिक देवाणघेवाण कशी साधते' यावर दोनशे शब्द मागितलेत, तिथे तर मी दोन दिवस अडकलेय.

फी पण सगळीकडे आहे आणि आमचे पैसे कॅमेऱ्यातच संपलेत, त्यामुळे कुठे पाठवायची तेही सांगा.

कट_टू_कोथरूड

ताई अभिनंदन, फिल्म पूर्ण झाली हेच खूप आहे, आमच्या ग्रुपच्या दोन अजून हार्ड डिस्कमध्ये झोपल्यात.

आधी फीचं बोलतो कारण तिथे मी पोळलोय. फिल्मफ्रीवेवर (फेस्टिवलांना फिल्म पाठवायची साइट) अकाउंट काढलं की शेकडो फेस्टिवल दिसतात आणि सगळ्यांच्या नावात इंटरनॅशनल असतं. मी पहिल्या फिल्मच्या वेळी उत्साहात एका दुपारी सात ठिकाणी पैसे भरले. एकाकडून दहाव्या दिवशी 'बेस्ट शॉर्ट' मिळालं, पोस्टरवर लावायला ती पानांची महिरप आली, आईने सगळ्या नातेवाईकांना पाठवली. मग बघतो तर ते दर महिन्याला बक्षिसं देतात, थिएटर वगैरे काही नाही, एक ऑनलाइन लिंक, त्यावर अकरा व्ह्यूज, त्यातले चार माझे. ट्रॉफी हवी असेल तर वेगळे पैसे!! तेव्हापासून नियम एकच, मागच्या वर्षी कुठल्या थिएटरात काय दाखवलं याची पूर्ण यादी त्यांच्या साइटवर दिसली तरच पैसे भरायचे. आणि भरायचे तर पहिल्या मुदतीत, शेवटच्या आठवड्यात तीच फी वाढलेली असते.

जुनी खात्रीची नावं हवी असतील तर जर्मनीतलं ओबरहाउझेन १९५४ पासून चालूये, फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ १९७९ पासून, ते तर शॉर्ट फिल्मवाल्यांचं पंढरपूरच समजा. आपल्याकडे मुंबईचं मिफ १९९० पासून एक वर्षाआड असतं, डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि ॲनिमेशन, आणि केरळवाल्यांचं तिरुवनंतपुरमला २००८ पासून. ऑस्करच्या हिशेबात नावांची पाटी धरून ४० मिनिटांपर्यंत शॉर्ट, पण निवडणाऱ्याच्या जागी बसून बघा, १८ मिनिटांच्या एका फिल्मच्या जागेत त्याच्या नऊ-नऊ मिनिटांच्या दोन बसतात. कापता येत असेल तर अजून कापा.

आणि यूट्यूबवर टाकू नका अजून, बऱ्याच ठिकाणी आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही. लिंकला पासवर्ड लावून द्या.

सदाशिव_१००८

चैत्रातल्या हळदीकुंकवाला ओटीत भिजवलेले हरभरे असतात. तांदूळ दाखवले असतील तर परदेशात चालून जाईल, पेठेत नाही.

पेठेतली_मुलगी

@सदाशिव हरभरेच आहेत हो, मावशी सेटवरच होती, चुकायची सोयच नव्हती.

जर्मनवाली_मावशी

मी सबटायटलं करते म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

तुझा मूळ प्रश्न खूप छान आहे आणि गंमत म्हणजे तो फक्त इंग्रजीचा प्रश्न आहे. फ्रेंचमध्ये 'व्हू' आणि 'त्यू' आहे, जर्मनमध्ये 'झी' आणि 'डू', स्पॅनिशमध्ये 'उस्तेद' आणि 'तू', जपानीत तर आपल्याहून जास्त पायऱ्या. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकले तेव्हा वर्गातल्या मराठी मुलांना हे 'झी' आणि 'डू' कधी समजवावं लागलंच नाही, घरून शिकूनच आलेलो सगळे. म्हणजे क्लेरमाँसाठी फ्रेंच सबटायटलं झाली तर तुझा शेवट जवळजवळ जसाच्या तसा जाईल. जर्मनमध्ये मात्र सावध राहा, तिथली सून हल्ली सासूला सर्रास 'डू' म्हणते, 'झी' म्हटलं तर प्रेक्षकाला वाटेल या दोघींचं भांडण आहे किंवा ही पेइंग गेस्ट आहे. शब्द मिळतो पण त्यातलं नातं मिळत नाही, असं होतं.

इंग्रजीसाठी माझा उपाय सांगते. पूर्ण फिल्मभर सबटायटलमध्ये 'आई' लिहूच नकोस. 'अहो आई चहा ठेवू का' याचं नुसतं 'शाल आय मेक टी?' एवढंच, जरा इस्त्री केलेलं इंग्रजी, घरातल्या माणसाशी बोलताना थोडं जास्तच अदबशीर वाटेल असं. 'अहो आई' कानावर पडत राहतंच, प्रेक्षक ते नावासारखं ऐकेल. आणि शेवटच्या वाक्यात, आणि फक्त तिथेच, 'मा' हा शब्द खाली येऊ दे, वाक्य तुटक कर, प्लीज-बिज काढून टाक. अठरा मिनिटं जो शब्द वाचायला मिळाला नाही तो एकदाच दिसला की माणसाला काहीतरी हललेलं जाणवतं, व्याकरण कळो ना कळो.

बाकी नेहमीचं, दोनच्या वर ओळी नकोत, एका ओळीत साधारण चाळीसएक अक्षरं, सेकंदाच्या आत कुठलंच गायब नको आणि सहा-सात सेकंदांच्या वर ठेवू नकोस, माणूस परत वाचायला लागतो. हळदीकुंकवात सहा बायका एकदम बोलत असणार, त्या सगळ्यांचं सबटायटल करू नकोस!! गलका हा गलकाच राहू दे.

आणि फिल्मवर सबटायटलं छापून टाकू नकोस, स्वच्छ कॉपी वेगळी आणि एसआरटी फाइल (सबटायटलं आणि त्यांच्या वेळा असलेली) वेगळी.

आर्काइव्हचा_वारकरी

मावशींना +१. त्या काळ्या स्क्रीनवरच्या चार ओळींबद्दल मात्र मला बोलायचंय, त्या अजिबात टाकू नका.

लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्हच्या थिएटरात आणि पिफला, म्हणजे पुण्याच्या फिल्म फेस्टिवलला, मी इतकी वर्षं जातोय, कुठल्या कुठल्या देशांच्या शॉर्ट फिल्म्स बघितल्या. एक इराणी होती, नाव आता आठवत नाही, त्यात पाहुण्याला चहा विचारतात, तो नको म्हणतो, परत विचारतात, परत नको, तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतो, आणि दुकानदार पैसे नकोत म्हणतो पण ते घ्यायचेच असतात. त्याला तिकडे तारोफ म्हणतात हे मला नंतर कळलं. थिएटरात त्या चहाच्या सीनला जो हशा पिकला, माझ्या शेजारचे काका म्हणाले 'अरे ही तर आमची वन्सं'. सुरुवातीला पाटी टाकून इराणी शिष्टाचार समजावला असता तर आम्ही नोट्स घेतल्या असत्या, हसलो नसतो.

दुसरं उदाहरण घरचंच आहे. २०२४ ला कान्स फेस्टिवलच्या ला सिनेफ या विद्यार्थ्यांच्या फिल्म्सच्या विभागात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या (एफटीआयआय) चिदानंद नाईकच्या १६ मिनिटांच्या फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. कन्नड लोककथा आहे, म्हातारी गावातला कोंबडा पळवते आणि गावात उजाडायचंच थांबतं. आपल्याकडे 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' म्हणतात, म्हणजे ऐकता क्षणी आपल्याला आधी आपली म्हणच आठवते, आणि तिथे उलटंच झालेलं असतं. फ्रेंच माणसाकडे ना ती कथा ना ती म्हण, तरी पोचलीच ना?

फॉर्मच्या दोनशे शब्दांत वसुधैव कुटुंबकम् लिहू नका एवढी विनंती. 'अहो' आणि 'अगं'चं जे इथे लिहिलंत तेच लिहा.

नारळीपाक

थोडा विरोधी सूर लावतो. पाटी नको हे मान्य, पण काहीच न कळता माणूस बघत बसला तर त्याचा काय उपयोग. आमच्या ऑफिसमधला डच माणूस आमच्या घरी हळदीकुंकवाला आला (चुकून आला, ती वेगळी गोष्ट) आणि त्याला वाटलं नारळ विकताहेत. कॅटलॉगमध्ये दोन ओळींचा सारांश असतो तिथे 'विधवेला ज्या समारंभात स्थान नाही' एवढं येऊ दे, पडद्यावर नको.

आणि एक, ताई वाड्यात रेडिओबिडिओ वाजतोय का मागे? बहुतेक शॉर्ट फिल्म्सचं तिथेच अडतं. रेकॉर्डिंगचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षं, गाणं लिहिणाऱ्याचा आणि संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर साठ, आणि बाहेरच्या देशांत हिशेब वेगळा. लेखी परवानगी नसेल तर गाणं काढा.

एक आणखी घोळ. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलं असेल आणि थिएटरात दाखवायची डिजिटल कॉपी (डीसीपी) २४ ला करून घेतली तर १८ मिनिटांची फिल्म पावणेएकोणीस होते. आमच्या एका मित्राने जुनीच एसआरटी दिली, शेवटच्या सीनपर्यंत सबटायटलं पाऊण मिनिट पुढे पळालेली, हिरो अजून जिना चढतोय आणि खाली त्याचा मृत्यू होऊन गेलाय.

पेठेतली_मुलगी

सगळ्यांना खूप खूप थँक्स. रेडिओ आहे!! नाट्यसंगीत वाजतंय पहिल्या सीनला, काढतेय, त्याऐवजी कुकरच्या शिट्ट्या. २५ चंही बरोबर, आमचं तसंच झालंय.

काल एक प्रयोग केला ते सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर सुदानची एक मुलगी राहते, फार्मसीला आहे, तिला मावशींनी सांगितलेल्या सबटायटलसकट दाखवली, आधी काहीही न सांगता. मला वाटलं नारळाबद्दल विचारेल. नाही विचारलं. 'मा' आल्यावर ती जरा पुढे सरकून बसली, तेवढं मी टिपलं. संपल्यावर पहिला प्रश्न, फोन कोणाचा वाजत होता? (कॅमेरावाल्याचा. इतके दिवस आमच्यापैकी एकालाही ऐकू आला नव्हता.)

मग म्हणाली की नवरा गेल्यावर आमच्याकडे पण बाईने चार महिने दहा दिवस नटायचं नसतं, मेंदी नाही, अत्तर नाही, म्हणून ती आत का बसलीये ते मला लगेच कळलं. तिचा अजून किती काळ बाकी आहे?

मला पटकन उत्तरच देता येईना. म्हटलं, नाही, तसं मोजत नाहीत. म्हणजे? म्हणजे कायमचं. मग ती गप्प बसली आणि मग म्हणाली शेवटचा सीन परत लाव.

रात्री फिल्म परत बघितली तर खरंच, सासरे कधी गेले ते आम्ही कुठेच सांगितलेलं नाही. आपल्याकडच्या कोणी विचारलंच नाही, कारण आपल्याला फरक पडत नाही ना, एक वर्ष काय आणि वीस वर्षं काय. तिला वाटलं मागच्या महिन्यात गेले असतील.

तर आता पाटी नाही. गलक्यात एका शेजारणीची पाठ आहे कॅमेऱ्याकडे, तिच्या तोंडी एक ओळ घालायची, 'अकरा वर्षं झाली गं नानांना', आणि त्या गलक्यात सबटायटल फक्त तेवढ्याच ओळीला.

जर्मनवाली_मावशी

घाल. आणि ती ओळ दुःखाने नको म्हणायला लावूस, डाळ वाढून घेता घेता म्हणू दे. कोणाचा आवाज घेतेयस?

पेठेतली_मुलगी

वाड्यातल्या मावशीचाच. शनिवारी रेकॉर्डिंग आहे, तोंडात खरंच डाळ असणारे.