‘हाय मेमरी’: उच्च स्मृती म्हणावं का?

प्रश्न: लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर) मराठीत टिपण लिहितोय. ‘हाय मेमरी’ला ‘उच्च स्मृती’ चालेल का? आणि ‘मॅप करणे’ला काय म्हणावं?

प्रतिसाद: ‘उच्च’ नको. वाचकाला दर्जा किंवा वेग आठवेल, आणि इथे दोन्हीचा संबंध नाही. ३२ बिटी इंटेल मशीनवर आभासी पत्ते (प्रोग्राम आणि कर्नल मेमरीला हाक मारताना वापरतात ते; प्रत्यक्ष रॅममधल्या जागेचा तो भौतिक पत्ता) एकूण ४ जीबी. नेहमीच्या वाटणीत खालचे ३ जीबी प्रोग्रामला, वरचा १ जीबी कर्नलला. त्या १ जीबीतले ८९६ एमबी कर्नल रॅमच्या पहिल्या ८९६ एमबीशी कायमचे जोडून ठेवतो. भौतिक पत्त्यात ३ जीबी मिळवले की आभासी पत्ता तयार, शोधाशोध नाही. उरलेले १२८ एमबी व्हीमॅलॉक (रॅमचे विखुरलेले तुकडे सलग आभासी पत्त्यांवर आणणारी कर्नलची सोय) आणि तात्पुरत्या जोडण्यांसाठी. ८९६ एमबीच्या पलीकडची रॅम ती हाय मेमरी. भौतिक पत्ता तिलाही असतोच, कायमचा आभासी पत्ता तेवढा नसतो. व्याख्येचा सगळा जीव ह्या एका गोष्टीत आहे.

प्रतिसाद: ‘वरची मेमरी’ही टाळा. कर्नल लो मेमरीला, म्हणजे त्या पहिल्या ८९६ एमबीला, ज्या आभासी पत्त्यांनी हाक मारतो ते ३ जीबीच्या वरचे, म्हणजे आकड्याने चांगले मोठे! लो आणि हाय हे भौतिक पत्त्यावरून ठरतं, हे सांगितल्याशिवाय नवशिक्या हमखास अडखळतो. शिवाय डॉस ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळातल्या लोकांना ‘हाय मेमरी एरिया’ म्हटलं की १ एमबीच्या लगेच वरचा, ६४ केबीला १६ बाइट कमी असा तुकडा आठवतो. ती गोष्टच वेगळी. मी तर ‘हाय मेमरी’ तसंच ठेवेन.

प्रश्नकर्ता: पटलं. आणि मॅप?

प्रतिसाद: ‘नकाशा’ तर नकोच. बोलताना आपण ‘ते पेज मॅप करून घे’ म्हणतो, तेच लिहावं (पेज किंवा पान म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा). समजावताना ‘जोडणे’ आणि ‘सोडवणे’ ही जोडी मला फार आवडते, कारण कामच तसं चालतं. केमॅप (कर्नलमधलं एक फंक्शन) हाय मेमरीतल्या पानाला तात्पुरता आभासी पत्ता देतो, काम झालं की केअनमॅपने तो सोडवायचा. जागा मोजक्या: पीएई (३२ बिटी मशीनला ४ जीबीहून जास्त रॅम वापरू देणारी सोय) नसताना १०२४ पानांच्या, असताना ५१२. रिकामी जागा नसेल तर मागणाऱ्याला झोपून वाट पाहावी लागते, म्हणून इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच मारलेली हाक) हाताळताना केमॅप चालत नाही. तिथे केमॅप अ‍ॅटॉमिक वापरत, पण ती जोडणी असेपर्यंत झोपायला मनाई. २०२१च्या ५.११ आवृत्तीत केमॅप लोकल आला. त्याची जोडणी त्या थ्रेडपुरती (चालू असलेल्या त्या एका कामापुरती), झोपलं तरी टिकते, फक्त शेवटी जोडलेलं आधी सोडवायचं.

प्रश्नकर्ता: माझ्या ६४ बिटी लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे. त्यातली हाय किती?

प्रतिसाद: शून्य. ६४ बिटांत पत्ते इतके मुबलक की सगळी रॅम कायमची जोडलेली असते. केमॅप तिथे असलेलाच पत्ता परत देतो.

प्रश्नकर्ता: मग असं लिहितो: ‘हाय मेमरी म्हणजे कायमचा आभासी पत्ता नसलेली रॅम.’

प्रतिसाद: ‘कर्नलच्या वाट्यात’ हे शब्द घाला. तेच पान एखाद्या प्रोग्रामच्या पेज टेबलात (कुठला आभासी पत्ता कुठल्या पानाचा, ह्या यादीत) नोंदलेलं असू शकतं आणि तो प्रोग्राम ते सरळ वाचत असतो. अडचण फक्त कर्नलची आहे.