एकच देश निवडायचा तर इक्वेडोर

हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला मध पिणारे इवलेसे पक्षी, पाहायला कोस्टा रिकाला जावं की इक्वेडोरला, असं एकाने इथे विचारलंय. माझं मत ठामपणे इक्वेडोर. जगातल्या साधारण ३६० जातींपैकी सव्वाशेहून अधिक त्या छोट्या देशात आहेत, कोस्टा रिकात पन्नासच्या आसपास.

इक्वेडोरची राजधानी क्विटो, तिच्याजवळचं यानाकोचा हे राखीव जंगल अजिबात चुकवू नका. तिथे तलवारचोच्या हमिंगबर्ड दिसतो. त्याची चोच शेपटी वगळता उरलेल्या शरीराहून लांब! त्या चोचीने पिसं साफ करता येत नाहीत, म्हणून बिचारा पायाने खाजवतो. कृष्णकमळाच्या जातीतली लांब नळीची फुलं असतात ना, त्यांच्या तळाचा मध तो चोच खुपसून पितो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॅमेरा उचलायचंच विसरलो.

यानाकोचा तीन हजार मीटरच्या वर आहे, दम लागतो. म्हणून आधी दोन दिवस क्विटोत काढून उंचीची सवय करा. खाली मिंडो गावातही हमिंगबर्ड भरपूर आहेत.

आणि पुण्यातल्या बागेत हमिंगबर्ड दिसल्याचं इथे कुणी लिहिलंय, तो शिंजीर (सनबर्ड) असणार. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. शिंजीरही फुलासमोर क्षणभर तरंगतो, पण मध बहुतेकदा फांदीवर बसूनच पितो.