अनुभव धागा: तुमच्या देवघरात कोण कोण आहे?

सांजवात:
आईकडचे टाक, म्हणजे देवांचे चेहरे उठवलेले चांदीचे छोटे पत्रे, फार झिजलेत म्हणून परवा सोनाराकडे उजळायला नेले. त्याने एकेक बोटावर घेऊन उजेडात फिरवला, हा खंडोबा, घोडा दिसतोय बघा, ही भवानी, हा तुमचा वीर, आणि शेवटचा हातात घेऊन थांबला. हे कोण? पिढ्यान्‌पिढ्या रांगोळीने घासून पार सपाट झालंय, नाक नाही डोळे नाहीत, खाली कडेला एक वाकडी रेघ, ती पदराची म्हणा नाहीतर शेपटीची. नवा करायचा तर चेहरा कोणाचा काढू, तो विचारतोय. आईला फोन लावला, आईने आत्याकडे ढकललं, आत्या म्हणाली अगं आजी त्याला कायम हळद वाहायची, नाव कधी घेतलं नाही. हळद काय, खंडोबालाही चालते. शेवटी म्हटलं तसंच राहू दे, नुसतं उजळून द्या. घरी आल्यावर नवरा म्हणतो, कोण आहे तेच माहीत नाही तर नमस्कार पोचतो कुठे?

त्यावरून बाबांची पूजा आठवली. आमच्याकडे पंचायतन. पाच गोटे एका ताम्हनात, मधे विष्णू म्हणून शाळिग्राम, भोवती नर्मदेतला बाण, शोणभद्राचा लाल गणपती, स्फटिकाचा सूर्य आणि देवीचा गोटा. शेजारच्या काकांकडे हेच पाच, पण मधे बाण. लहानपणी मला वाटायचं त्यांनी चुकीचं मांडलंय. बाबा म्हणाले, त्यांना शंकर जवळचा, म्हणून तो मधे. एवढंच उत्तर, पुढे काही नाही. आणि हेच बाबा "देव एकच गं" म्हणता म्हणता तुळजापूरचा नवस फेडायचा राहिला म्हणून बेचैन असायचे.
तुमच्याकडे कसं होतं ते लिहा. शास्त्रार्थ नको, अनुभव.

मुक्कामपोस्ट:
आमच्याकडे घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा देवांच्याही झाल्या. कुलदैवत मोठ्या काकांकडे, ते ठरलेलंच. बाबांकडे बाळकृष्ण आणि आईची लग्नातली अन्नपूर्णा, ती तशीही आईचीच. धाकट्या काकांनी नवे टाक करून घेतले आणि जेजुरीला गडावर नेऊन देवाला भेटवून आणले, भंडाऱ्यात पिवळे होऊन घरी आले तेव्हा कुठे काकू शांत झाली. पण काकांच्या मनात किडा. त्यांनी गुरुजींना सरळ विचारलं, आता देव दादाकडे आहे का माझ्याकडे? गुरुजी म्हणाले आवाहन कराल तिथे. काका म्हणाले ते ठीक, पण दादाकडची चांदी जुनी आहे त्याचं काय! अजून चंपाषष्ठीला तळी भरायला सगळे मोठ्या काकांकडेच जमतात, येळकोट म्हणताना धाकट्या काकांचा आवाज सगळ्यात मोठा.

झिपरी:
टाक उजळायचं मजुरीवर असतं की वजनावर? आमचेही काळे पडलेत

सांजवात:
@झिपरी मजुरी. आणि देताना मोजून, फोटो काढून दे ग.

गोपीचंदन:
सगळे देव एकच हे वाक्य आमच्या आजोबांसमोर म्हणायची सोय नव्हती. आम्ही मध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या वैष्णव संप्रदायातले. आमच्यात तारतम्य असतं, म्हणजे विष्णू सर्वोत्तम, मग लक्ष्मी, मग ब्रह्मदेव आणि वायू, मग सरस्वती-भारती, मग गरुड-शेष-रुद्र, असं खाली खाली. जीव वेगळा, देव वेगळा, एकरूप वगैरे काही होत नाही. नैवेद्य आधी विष्णूला आणि तोच मग प्रसाद म्हणून बाकीच्या देवांना. आषाढी एकादशीला मठात तप्तमुद्रा, तापवलेले शंख-चक्र दंडावर, लहानपणी मी रांगेतून पळून गेलेलो, मामाने धरून आणलं.
आणि बायको आली ती सोळा सोमवारवाली. घरात आता काय होणार म्हणून सगळे श्वास रोखून. आजोबा तिला म्हणाले, कर की, शंकर वैष्णवांमधला पहिला, भागवतातच लिहिलंय, त्याला नमस्कार केला तर विष्णूला आनंदच. बायको अजून म्हणते आजोबांनी परवानगी दिली. मला वाटतं त्यांनी शंकरालाच आपल्यात घेतलं.

थालीपीठ:
म्हणजे देवांचीपण सिनिऑरिटी लिस्ट 😂 प्रमोशनला वाव आहे का?

गोपीचंदन:
आहे ना. वायू म्हणजे हनुमान, तो पुढच्या कल्पात ब्रह्मदेव होणार. मजा नाही करत, खरंच मानतात.

थालीपीठ:
🙏 शब्द मागे

कवळेकरीण:
शंकर-विष्णूचं हे प्रकरण आमच्या शांतादुर्गेने कधीच मिटवलंय. दोघांचं जुंपलं तेव्हा ही मधे पडली म्हणून शांता. गोव्यात कवळ्याला जाऊन बघा, मधे देवी आणि दोन बाजूंना ते दोघे, भांडण करून आईपुढे उभे केलेले भाऊ दिसतात अगदी. माझी सासू घरात आम्हा जावांचं काही वाजलं की देवीकडे बघून नुसती हं म्हणायची. बाकी काही बोलायची नाही. गप्प बसायचो.

शाडू:
आमचं पेणला गणपतीचं काम, चार पिढ्यांचं. सीझनला घरात पाय ठेवायला जागा नसते, जिन्यात गणपती, पलंगाखाली गणपती, आम्ही त्यांच्यातच डबे खायचो, भांडायचो, सोंडेवर टॉवेल वाळत घातलेला मी स्वतः पाहिलाय. तोवर ती माती. सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. ते काम मोठे काकाच करायचे, एकट्याने, रेडिओ बंद करून. बुब्बुळाचा काळा ठिपका पडला की मूर्ती खोलीत तुम्ही जिकडे जाल तिकडे बघते. आता शास्त्राने बघितलं तर प्राणप्रतिष्ठा गिऱ्हाईकाच्या घरी चतुर्थीला होणार, तेव्हा देव येणार, आणि उत्तरपूजेला अक्षता टाकून मूर्ती जागची हलवली की गेला. पण आजी आखणी झालेल्या मूर्तीकडे पाय करून झोपू द्यायची नाही. आम्ही म्हणायचो अगं अजून देव आला नाहीये त्यात. ती म्हणायची, वाटेत असेल.

मुक्कामपोस्ट:
वाटेत असेल ❤️

दीडशहाणा:
सांजवात, शास्त्रार्थ नको म्हणालात पण एक गोष्ट सांगतो, माझ्या आयडीशी संबंधित आहे. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? तो म्हणतो 3306. बरं, पण खरे किती? 33. बरं, पण किती? 6. असं करत 3, 2, मग दीड, मग 1. हो, दीड! 33 कोण तेही सांगितलंय, 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य, इंद्र आणि प्रजापती. दीड म्हणजे वारा, आणि एक म्हणजे प्राण, ब्रह्म. मला यातलं आवडतं काय, तर याज्ञवल्क्य एकदाही म्हणत नाही की आधीचा आकडा खोटा होता. दर वेळी शाकल्य "बरं" म्हणतो आणि पुढे विचारतो. पुढे तो इतकं विचारतो की शेवटी त्याचं डोकंच गळून पडतं, असं उपनिषदात आहे, तेव्हा धागाकर्तीने जपून.

थालीपीठ:
दीड देव आणि साडेतीन शक्तिपीठं. आपल्या लोकांना अपूर्णांकाची काही अडचणच नाही.

बिनदेवाचा:
मी नास्तिक, तरी लिहितो. कॉलेजात संस्कृतच्या मॅडमनी मीमांसा, म्हणजे वेदातल्या यज्ञांचा अर्थ लावणारं दर्शन, शिकवली तेव्हा उडालोच. यज्ञ करा म्हणून जीव काढणारे हे लोक, आणि जग बनवणारा ईश्वर मानतच नाहीत, देवतेला शरीर वगैरे काही नाही, मंत्रातला शब्द तीच देवता. सांख्यवाल्यांचंही ईश्वराशिवाय चालतं. धावत घरी येऊन आईला सांगितलं, बघ, देव न मानणंही आपल्यातलंच आहे. आई म्हणाली असेल, उद्या सत्यनारायण आहे, केळीचे खांब आणून ठेव.
आणले.

रिद्धपूर_सासर:
सर्वांना दंडवत प्रणाम. माझं सासर महानुभाव पंथातलं, माहेर तुमच्यासारखंच देवांनी भरलेलं, त्यामुळे लग्नानंतर पहिलं वर्ष मला फार सुनं सुनं गेलं. आमच्यात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे. देवता खोट्या नाहीत बरं का, लोकांना तसं वाटतं. त्या आहेत, त्यांची फळंही देतात, पण मोक्ष परमेश्वरच देणार, म्हणून त्यांच्या दारात जायचं नाही. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी जिथे बसले, राहिले तिथे ओटे बांधलेत, नमस्कार त्या ओट्यांना. आईने दिलेली अन्नपूर्णा मी साडीत गुंडाळून नेली होती. सासूबाईंना दिसलीच. मला वाटलं आता नदीत टाकायला लावतात. त्या म्हणाल्या, आईने दिलंय ना, कपाटात ठेव, पूजा नको. अजून कपाटात आहे. पूजा नाही केली कधी, पण दिवाळीत कपाट आवरताना पुसते, पुसायला कुठे मनाई आहे!

झिपरी:
@रिद्धपूर_सासर मला भरून आलं. माझीपण तशीच आहे, पण मी पुसतही नाही, लाज वाटली

पाणदिवा:
सगळं वाचतेय, लिहायचं नव्हतं. आई गेली त्या वर्षी मावशीने एक देव सोडला नव्हता, सगळ्यांना बोलून ठेवलेलं. आई गेल्यावर बाबांनी देवघराला पडदा लावला. रागाने नाही, म्हणाले मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. मग एका पावसाळ्यात स्वतःहून नरसोबाच्या वाडीला जाऊ म्हणाले. तिथे दत्ताची मूर्ती नाही, पादुका. कृष्णेला पाणी चढलेलं, दक्षिणद्वार होतं, म्हणजे पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं आणि लोक त्यात स्नान करतात. पाणी मातकट, ढकलाढकली, बाबा शर्टासकट उतरले. बाहेर आल्यावर म्हणाले, इथे बरं आहे, डोळ्यात बघावं लागत नाही. आता दर वर्षी जातात. घरचा पडदा तसाच आहे, आम्ही कोणी हात लावत नाही.

शाडू:
पाणदिवा, काय लिहू कळत नाही. बाबांना नमस्कार सांगा.

गोपीचंदन:
🙏🙏

दीडशहाणा:
सोनाराचा विषय निघालाच आहे तर पंढरपूरचे नरहरी सोनार. कट्टर शैव, विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही म्हणून डोळ्याला पट्टी बांधून कमरेचं माप घ्यायला गेले. हाताला व्याघ्रांबर लागतं, गळ्यात नाग लागतो, पट्टी काढली तर विठोबा, बांधली तर शंकर. सांजवातने तो सपाट टाक डोळे मिटून चाचपून बघावा.

सांजवात:
बघितला की. थंड लागला 😄

तिठ्यावरचो:
उशिरा आलो, लोकलमध्ये टाईप करतोय. आमच्या गावात रामेश्वर आहे, त्याला अभिषेक, तिथे तक्रार करायची नाही. विठ्ठल आहे, त्याच्याकडे भजन. आणि मळ्याच्या बांधावर राखणदार, त्याला मूर्ती नाही, तोंड नाही, एक दगड, पण सगळी गाऱ्हाणी त्याच्याकडे. आजोबा घालायचे, "बा देवा म्हाराजा" सुरू झालं की मागे आम्ही पोरं "व्हय म्हाराजा". आणि बोलणं सगळं अरेतुरेचं! गेल्या साली तुका नारळ दिलंय, तरी माजो बैल मेलो, ह्या काय बरां न्हय. मी मुंबईचा शहाणा, एकदा विचारलं, आजा, देव एकच ना, मग रामेश्वराकच सांग सगळा. म्हणाला, वर सगळो एकच आसा रे, पण थंय पोचाक वेळ लागता. हो हंयच आसा.

थालीपीठ:
@तिठ्यावरचो आमच्या सोसायटीची लिफ्ट कित्येक दिवस बंद आहे, सेक्रेटरी ऐकत नाही. गाऱ्हाणं घालायला येता का?

तिठ्यावरचो:
येतो, पण नारळ तुमचा आणि मागून व्हय म्हाराजा म्हणायला कमिटीचे सगळे मेंबर हवेत.

थालीपीठ:
तिथेच तर अडतं ना, कोरम होत नाही

बिनदेवाचा:
मी येतो म्हणायला.

झिपरी:
कोणी पेणच्या शाडूंकडून छोटी मूर्ती घेतलीय का, अगदी वीतभर, आखणी त्यांच्या काकांच्या हातचीच पाहिजे. व्यनि करते @शाडू