घरच्या लॅपटॉपवर फुकट सॉफ्टवेअर टाकायचंय, नेमकं काय काय टाकू?

गोंधळलेली_मी:
नमस्कार मंडळी, घरात चौघांत मिळून एकच लॅपटॉप आहे, विंडोज ११, ८ जीबी रॅम. सोबत आलेलं ऑफिस ट्रायलवर होतं ते संपलं, आता फाइल उघडते पण लिहू काही देत नाही. आधीच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर चोरून फुकट चालवायचा जुगाड, टाकून दिलेला, त्यातूनच व्हायरस शिरला आणि सगळे फोटो गेले, त्यामुळे तो रस्ता आता कायमचा बंद. सर्च केलं की "टॉप ५० फ्री सॉफ्टवेअर" असल्या याद्या येतात, वाचून डोकं गरगरतं. आमची कामं फार नाहीत हो, बाबा मराठीत पत्रं लिहितात आणि हिशोब ठेवतात, धाकटीला कॉलेजच्या असाइनमेंट वर्डमध्ये द्याव्या लागतात, मी फोटो थोडे कापते-उजळवते आणि व्हिडिओ सगळेच बघतात. आणि हो, फ्री म्हणजे खरंच फ्री ना? की वर्षभराने पैसे मागायला येतात?

खटपट्या:
पन्नास कशाला, तीन-चार पुरेत. लिहिण्या-हिशोबाला लिब्रेऑफिस, व्हिडिओला व्हीएलसी, आणि फायरफॉक्स ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. अँटिव्हायरस वेगळा टाकू नका, विंडोजचा डिफेंडर घरासाठी बास आहे. झिपसाठी, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइलींसाठी पण काही नको, विंडोज ११ आता आरएआर या तशाच प्रकारच्या फाइलसुद्धा स्वतःच उघडतं, फारच वाटलं तर सेव्हन-झिप.

सर्चमध्ये लिब्रेऑफिससारखंच ओपनऑफिस पण दिसेल, नाव जुनं आणि ओळखीचं म्हणून लोक तेच उतरवतात. २०१० मध्ये ते बनवणाऱ्यांतली बरीच मंडळी वेगळी झाली आणि लिब्रेऑफिस सुरू केलं, तेव्हापासून खरं काम तिकडेच चालू आहे. ओपनऑफिसची ४.१ आवृत्ती २०१४ ला आली आणि त्यानंतर नुसती डागडुजी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काय टाकता यापेक्षा कुठून उतरवता हे बघा. सर्चमध्ये सगळ्यात वर जे येतं ती बऱ्याचदा जाहिरात असते, आणि "डाउनलोड" असं लिहिलेली हिरवी मोठ्ठी बटणं असतात त्यातलं एकही खरं नसतं. मी एकदा घाईत कुठल्यातरी भलत्याच साइटवरून व्हिडिओ प्लेअर घेतला तर त्याच्याबरोबर दोन टूलबार आणि एक "पीसी क्लीनर" घरात शिरला, रोज सांगायचा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये इतक्या चुका आहेत म्हणून. काढता काढता रविवार गेला. म्हणून एकतर बनवणाऱ्यांची मूळ साइट, नाहीतर विंडोजमधलंच विंगेट, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून टाकायचं साधन, त्यात कमांड टाइप करायची भीती वाटत नसेल तर.

कळफलक:
"खरंच फ्री ना" याचं उत्तर दोन भागांत आहे. एक असतं नुसतं फुकट, म्हणजे मालकाने सध्या पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय, उद्या त्याचा विचार बदलू शकतो. दुसरं मुक्त, ज्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, उघडा असतो आणि लायसन्सच असं असतं की वापरा, बघा, बदला, वाटा. ओपनऑफिसमधून लोक बाहेर पडून तेच पुढे चालवू शकले ते या लायसन्समुळेच. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, फायरफॉक्स ही सगळी मुक्त. इरफानव्ह्यू हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर मात्र नुसतं फुकट, तेही घरगुती वापरापुरतं, धंद्यासाठी पैसे भरावे लागतात. वाईट नाही बरं का ते, तुमच्या फोटो कापण्या-उजळवण्याला तेच बरं पडेल. लोक लगेच जिंप हे मोठं फोटो-एडिटिंगचं सॉफ्टवेअर सांगतील पण एवढ्यासाठी जिंप म्हणजे सुईच्या कामाला तलवार.

गोंधळलेली_मी:
खूप आभार दोघांचे! लिब्रेऑफिस टाकलं, मूळ साइटवरूनच. पण दोन लफडी झालीत. धाकटीच्या मैत्रिणीने पाठवलेली वर्ड फाइल उघडली तर तिच्याकडे सहा पानं आणि आमच्याकडे सात, तक्ते पण सरकलेत. आणि बाबांची जुनी पत्रं उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. बाबा म्हणतायत तुमच्या फुकट सॉफ्टवेअरने माझी पत्रं खाल्ली 😅

कळफलक:
पत्रं शाबूत आहेत, बाबांना सांगा. ती जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र असायचं, फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. विकतच्या वर्डमध्येही हेच झालं असतं. तोच फॉन्ट पुन्हा टाकला की दिसतील, पण कायमचा इलाज म्हणजे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणणं, आणि मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा, कारण रफार आणि जोडाक्षरं बदलताना हमखास गडबडतात. नवीन पत्रांसाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो वापरा, दोन्ही मुक्त आहेत, कुठल्याही कॉम्प्युटरवर टाकता येतात.

सहाची सात पानं होतात तीही फॉन्टमुळेच असणार. लिब्रेऑफिस वर्डच्या जुन्या कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो नावाचा त्याच मापाचा फॉन्ट वापरतं म्हणून पूर्वी फारसं जाणवायचं नाही, पण २०२३ पासून वर्डमध्ये मुळात अ‍ॅप्टॉस हा नवा फॉन्ट येतो आणि तो तुमच्याकडे नाही. मग ओळी सरकतात, ओळींमागे पानं.

आळशी_कोल्हा:
माझं थोडं वेगळं मत आहे, रागावू नका. धाकटीला उगाच छळू नका, वर्डची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती खातं काढलं की फुकट मिळते, ५ जीबी जागा पण देतात, असाइनमेंटपुरतं तेच वापरू दे. मुक्त वगैरे नाही ते, आणि नेट गेलं की बोंब, पण मार्क कापले गेले तर तिला लायसन्सचं काय कौतुक. बाबांची पत्रं-हिशोब मात्र लिब्रेऑफिसमध्येच ठेवा.

खटपट्या:
कोल्ह्याशी सहमत, चक्क! फक्त लिब्रेऑफिसमधून कोणाला फाइल पाठवायची असेल आणि समोरच्याला त्यात बदल करायचे नसतील तर सरळ पीडीएफ काढून पाठवा, वरच बटण आहे. आणि बाबांच्या हिशोबात मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा, आहेत का ते बघा, असतील तर सगळे चालतीलच असं नाही.

गोंधळलेली_मी:
मॅक्रो कसले, बाबा बेरीज कॅल्क्युलेटरवर करून मग चौकटीत आकडा टाइप करतात. मुक्ता टाकला, आवडला त्यांना. आता कन्व्हर्टरला बसते, एकशे चाळीस पत्रं आहेत 🙏