बी विंग ग्रुप : कुलकर्णी काका घरी आले

शिंदे (सेक्रेटरी): मेंदूज्वर झालेल्या कुलकर्णी काकांना काल डिस्चार्ज मिळाला, १६ दिवसांनी. भेटायला लगेच गर्दी करू नका.

नाईक काकू: देव पावला 🙏 सकाळी गॅलरीत दिसले. दोन हाका मारल्या, वळूनसुद्धा बघितलं नाही. डोक्यावर परिणाम झालाय का गं वर्षा?

वर्षा ५०३: नाही काकू. सगळ्यांना ओळखतात, पेपर वाचतात. मागून बोललं की उत्तर देत नाहीत आणि उठलं की झोक जातो. अशक्तपणा असेल.

देसाई ३०१: मेंदूज्वर पसरतो म्हणे. लिफ्ट सॅनिटाइज करायची का?

डॉ. मानसी: लिफ्ट राहू द्या देसाईकाका. वर्षा, रिपोर्टात जंतू कोणता होता?

वर्षा ५०३: न्यूमोकोकस. आधी कान वाहत होता, बाबांनी तेल घालून अंगावर काढलं.

डॉ. मानसी: मग इतरांना लागण टाळायच्या गोळ्या नकोत. त्या मेनिंगोकोकस हा दुसरा जंतू निघाला तर, तेही घरच्यांना आणि अगदी जवळ वावरणाऱ्यांना.
पण वर्षा, हा नुसता अशक्तपणा वाटत नाही. कान तपासून घे, उद्याच. मेंदूभोवतीच्या पाण्यातून सूज आतल्या कानात उतरते. ऐकणं आणि तोल, दोन्ही तिथलीच कामं. काहींच्या आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात पुढे हाड भरायला लागतं, काही आठवड्यांतसुद्धा. मग कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवतात त्या यंत्राची, तार सरकवणं कठीण होतं. म्हणून ‘महिनाभर बघू’ नको.

रोहन ६०२: स्टेरॉइड देतात ना त्यासाठीच?

डॉ. मानसी: हो, डेक्सामेथासोन, पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी किंवा सोबत. २००२ साली युरोपातल्या ३०१ प्रौढांच्या अभ्यासात मृत्यू किंवा अपंगत्व २५ टक्क्यांवरून १५ वर आलं. १५ उरलेच ना.

वर्षा ५०३: दिलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी फिट आली, एमआरआयमध्ये छोटा स्ट्रोकही दिसला. कानाचं कोणी काढलंच नाही.

डॉ. मानसी: त्या धावपळीत राहून जातं. घरी सोडण्याआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, व्हायला हवी होती. आता ती कर, ऐकणं गेलेलं निघालं तर आतल्या कानाचा एमआरआय. आणि फिट आलीये, स्कूटरची किल्ली लपव.

शिंदे (सेक्रेटरी): मध्येच सांगतो, उद्या ११ ते १ पाणी बंद.

नाईक काकू: आणि मी मेली म्हणत होते, काका शिष्ट झाले.

देसाई ३०१: रिक्षात झोक जाईल त्यांचा. ९:३० ला माझी गाडी गेटवर आणतो.

वर्षा ५०३: थँक यू काका. बाबांना सांगते. म्हणजे, वहीत लिहून दाखवते.