‘शहाजी’ या नावाचा उगम

सप्रेम नमस्कार,

आमच्याकडे लवकरच बारसे आहे आणि बाळाचे नाव शहाजी ठेवावे, अशी घरातील ज्येष्ठांची इच्छा आहे. नावांच्या संकेतस्थळांवर ‘राजा’ एवढाच अर्थ मिळतो. जाणकारांनी याहून नेमके काही सांगितल्यास आभारी राहीन.

एक सभासद

*

सप्रेम नमस्कार,

फारसी कोशाप्रमाणे ‘राजा’ हा अर्थ बरोबरच आहे. परंतु शहाजीराजांचे नाव ठेवताना तो कोणाच्या मनात असेल, असे मला वाटत नाही. वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीच्या चाकरीत होते. त्यांना व उमाबाईंना बराच काळ मूल नव्हते, म्हणून अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस बोलला गेला आणि पुढे झालेल्या दोन मुलांची नावे त्याच्यावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली गेली, असे परंपरा सांगते. सूफी सत्पुरुषांच्या नावाला ‘शाह’ आदराने जोडतात; तिथे सिंहासनाचा संबंध नसतो. ‘जी’ मात्र आपला, मालोजी-विठोजींमधला.

नवसाची हकिकत कोणी दंतकथा म्हणून बाजूला सारील, पण भावांची ही जोडी कशी सारणार? त्याच पिढीत, मालोजींचे बंधू विठोजी यांच्या मुलांची नावे खेलोजी, मंबाजी, परसोजी, त्र्यंबकजी अशी आहेत. त्यांत ‘शरीफ’ हा अरबी शब्द उगीच आलेला नाही. शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत पडले, त्यामुळे ते फारसे कोणाला आठवत नाहीत, आणि धाकट्याचे नाव डोळ्यांआड झाले की थोरल्याचा ‘राजा’ होतो.

तंजावरच्या भोसले घराण्याने मात्र ही जोडी जपली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी एका मुलाला आजोबांचे नाव दिले (हे शहाजीराजे 1684 ते 1712 गादीवर होते), तर त्यांच्यामागून गादीवर आलेल्या भावाचे नाव सरफोजी. नामरूप पाहता हे शरीफजीच. संस्कृत वळण देऊन ते ‘शरभोजी’ असेही लिहिले गेले. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे कीर्ती पावलेले दुसरे सरफोजी याच नावाचे.

तेव्हा निमंत्रणपत्रिकेत अर्थ छापणार असाल, तर ‘शाह शरीफ यांच्या नावावरून’ असे छापावे, अशी माझी सूचना आहे. पुढे धाकटा भाऊ आलाच, तर सरफोजी या नावाचाही घरात विचार व्हावा.

आपला,
ग्रंथालय विभागातील एक कार्यकर्ता