नवा चित्रपट घरी बघताना संवाद ऐकू येत नाहीत, चित्रही मालिकेसारखं दिसतं

घरचापडदा:
५५ इंची फोर-के टीव्ही, ३.१ साउंडबार (डावा, मधला, उजवा आणि एक खर्जाचा स्पीकर) एचडीएमआय एआरसीला, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या पोर्टला, जोडलेला. ओटीटीवर नवा चित्रपट लावला की संवाद पुटपुटल्यासारखे. आवाज वाढवावा तर पुढच्याच स्फोटाला दचकायला होतं. चित्र गुळगुळीत, मालिकेसारखं. अंधारातल्या दृश्यांत चौकोन दिसतात. टीव्ही बदलावा का?

तारजोडणी:
टीव्ही बदलू नका. आधी टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट काय आहे ते बघा. ‘पीसीएम’ (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) असेल तर एआरसीवरून फक्त दोन चॅनेल, म्हणजे आवाजाचे डावा-उजवा असे दोनच स्वतंत्र भाग, जातात. ५.१ मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा, यांसाठी केलेला आवाज) संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. ते डाव्या-उजव्यात कालवले गेले की संगीताखाली दबतात. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ करा, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा साउंडबारकडे जाईल, अ‍ॅपमध्ये ५.१ ट्रॅक निवडा, मग साउंडबारचा सेंटर २-३ डीबी (डेसिबल) वर घ्या. रात्री ‘नाइट मोड’ लावा, स्फोट आणि कुजबुज यांतलं अंतर कमी होतं. ईएआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची नवी आवृत्ती) नसल्याची खंत नको. ओटीटीचा डॉल्बी डिजिटल प्लस हा ५.१ आवाज साध्या एआरसीवरूनही जातो.

चोवीसफ्रेम:
चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः रचून भरतो, म्हणून तो गुळगुळीतपणा. ट्रूमोशन, मोशनफ्लो, कंपनीगणिक नाव वेगळं, बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ (चित्रावरची जादा प्रक्रिया बंद करणारं सेटिंग) असेल तर एकाच फटक्यात काम होतं. तो मोड उजेडात मिणमिणता वाटतो, तेव्हा पडदे ओढा, ब्राइटनेस ताणू नका. आणि ५५ इंची टीव्हीपासून साधारण २.२५ मीटरवर बसा, फार लांब नको.

अंधारातल्या चौकोनांचा दोष बहुधा इंटरनेटवरून येणाऱ्या प्रवाहाचा. फोर-केला १५ ते २५ एमबीपीएस सलग लागतात. वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर घ्या, नाहीतर सरळ लॅन केबल. टीव्हीचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असला तरी पुरतो.

घरचापडदा:
आउटपुट पीसीएमच होतं! बदलल्यावर संवाद स्वच्छ. लॅपटॉप जोडून बघितलं तर चित्र आणखी सुधारेल?

तारजोडणी:
उलट बिघडेल. बऱ्याच ब्राउझरांना कॉपी-संरक्षणामुळे ७२० किंवा १०८०पीच मिळतं. शिवाय लॅपटॉप आणि टीव्हीची ब्लॅक लेव्हल (काळं किती गडद धरायचं ते सेटिंग) जुळली नाही, एक ‘फुल’ आणि दुसरा ‘लिमिटेड’ राहिला, तर काळं राखाडी दिसतं किंवा सावल्यांतला तपशील गिळला जातो. टीव्हीतलं अ‍ॅपच वापरा.